जमिनीला पाजलेलं

या, बसा. ती खुर्ची ओढून घ्या, डगमगते पण पाडत नाही. मघाशी तुम्ही विचारलंत ना, की त्या टोकाच्या बंद इमारतीच्या अंगणात लहान मुलांच्या बुटांचा ढीग होता म्हणतात, ते खरं का? खरं आहे. सांगतो सगळं. फक्त मधे उठू नका. अर्धी ऐकून गेलात तर ही गोष्ट उगाच त्रास देईल. पुरी ऐकलीत तरी देईलच, पण तो त्रास निदान कामाचा असेल.

तर एक सुतार होता. सगळे त्याला गुण्या म्हणायचे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं हत्यार. याला कुठं जराही तिरकं दिसलं की चैन पडायची नाही, म्हणून ते नाव. दवाखान्यात नंबर लावून बसला तरी समोरचं कॅलेंडर सरळ करून यायचा. बायको म्हणायची, "माझा भांग वाकडा निघाला तर हे रंधा घेऊन येतील." अशातला माणूस.

घरात पाच जण. हा, बायको, लेक, लेकीची चार वर्षांची पोर आणि सासूबाई. पोरीला सगळे चिमणी म्हणायचे. जावई लांब कामाला, वर्षातून दोनदा तोंड दाखवायचा. लेक एका दुकानात खोकी भरायच्या कामावर होती आणि चिमणीला ठेवायला जागा नाही म्हणून ती पोर दिवसभर आईच्या टेबलाखाली बसून दोऱ्यांशी खेळायची. मालक बघायचा आणि न बघितल्यासारखं करायचा. असं किती दिवस चालणार?

सासूबाईंचं एक सांगून ठेवतो. त्यांचे हात थरथरायचे. थोडेथोडके नाही, चहाचा कप उचलला की निम्मा चहा बशीत. गुण्यानं लग्न केलं तेव्हापासूनच तसे. सगळे म्हणायचे, नसांचं दुखणं आहे. तोंडात दात एक नाही, राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. तरी जावयावर जीव. गुण्याही त्यांचा कप अर्धाच भरायचा, म्हणजे सांडत नाही आणि म्हातारीला अपमानही वाटत नाही.

तर त्या वर्षी गुण्याला मोठं काम मिळालं. टोकाची ती विटांची जुनी इमारत. लोखंडी खांब, माणसाच्या दुप्पट उंचीच्या खिडक्या. तिला सगळे कागदाचं गोदाम म्हणायचे, कारण पंचवीसएक वर्षं तिथं कागदाचे गठ्ठे पडून होते. त्याच्या आधी तिथं काय होतं, हे कुणी विचारलं नाही. भिंतीवरचं जुनं नाव केव्हाच चुन्यानं पुसलेलं. आता तिथं बालवाडी करायची होती. पाडायचं नाही, आहे त्याच इमारतीला नवा जन्म द्यायचा. बालवाडीच्या मोठ्या बाई, मोठ्या म्हणजे मानानं, उंचीनं गुण्याच्या खांद्याला लागायच्या, त्यांनी सगळं आयुष्य या एका शाळेसाठी घासलं होतं. आणि नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्ट बाई, तरुण, हुशार, कानामागे कायम पेन्सिल.

वरच्या मजल्यावर मोठा हॉल. मुलांचा वर्ग तिथंच भरणार. जमीन लाकडी फळ्यांची, पण वर्षानुवर्षांच्या मळानं कोळशासारखी काळी. आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, "मिस्त्री, हे सगळं उचकटून फेकायचं. खाली नवा थर, वर रबर."

गुण्या गुडघ्यावर बसला. खिशातनं चाकू काढला, दोन बोटं जागा खरवडली, थुंकी लावून अंगठ्यानं पुसली. खालून लालसर लाकूड निघालं. रेषा अशा, जणू पाणी वाहता वाहता थबकलंय.

"बाई," तो म्हणाला, "हे फेकणार?"

"का? काय झालं?"

"असं लाकूड मी आयुष्यात दोनदा पाहिलं. एकदा हे."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुम्ही फेकल्यावर स्वप्नात बघेन."

आर्किटेक्ट बाई हसल्या आणि फसल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "राहू दे की. मुलांच्या पायाला खरं लाकूड लागेल." मग गुण्याकडे वळून म्हणाल्या, "मिस्त्री, जमीन तुम्ही करा. तुमच्या नातीचं नाव मी यादीत पहिलं घालते."

झालं. गुण्याची छाती चार बोटं फुगली. लक्षात ठेवा, ती जमीन राखायचा हट्ट त्याचा होता. दुसऱ्या कुणाचा नाही.

पहिल्याच आठवड्यात मागची छोटी खोली मोकळी केली, तिथं मुलांची बाथरूम व्हायची होती. तिच्या अकरा फळ्या निघाल्या. गुण्यानं सवयीप्रमाणे प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलनं आकडा घातला आणि शेजारी बारीकसा काटकोन काढला, ती त्याची खूण. हॉलला त्या लागल्या नाहीत. फेकवतही नव्हत्या. मग फाटकाशी जो येईल आणि मागेल त्याला देऊन टाकल्या. कुणी शेल्फ केलं, कुणी टेबल. अकरावी, सगळ्यात रुंद फळी, एक हातगाडीवाला माणूस घेऊन गेला. गुण्यानं विचारलं, "काय करणार?" तर लाजला आणि म्हणाला, "घरी बाळ येणार आहे."

मग हॉलचं काम. घासायचं मशीन सुरू झालं की काळा धूर उठल्यासारखी धूळ. माणसं तोंडाला फडकी बांधायची. तिसऱ्या दिवसापासून डोकी दुखायला लागली. गुण्याच्या तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव यायची, जेवण गोड लागेना. धुळीनं होतं, असं म्हणाले आणि पुढं कामाला लागले. फळ्यांच्या मधल्या फटी त्यानं वाकड्या पात्यानं कोरून साफ केल्या. आणि त्या भरायला त्याची खास रीत. दुकानातली लांबी, म्हणजे फट भरायची पुट्टी, रंगाला कधी बसत नाही. गुण्या काय करायचा, त्याच जमिनीचा भुसा गोळा करायचा, त्यात सरस कालवायचा आणि त्या लगद्यानं फट भरायची. सुकलं की सांधा कुठंय हे देवाला सापडणार नाही. तो भुसा त्यानं पोत्यात भरून घरी नेला आणि घराच्या उंबऱ्यात बसून, हातानं, घरच्या जुन्या पातेल्यात कालवला. रोज. चिमणी शेजारी बसून त्याच्या लगद्याचे छोटे छोटे गोळे करायची.

शाळा उघडायच्या आधीच चिमणीची शाळा भरली, असं समजा. लेक कामावर गेली की गुण्या पोरीला हॉलवर घेऊन यायचा. ती खिडकीखाली बसून खेळायची. तीन आठवडे. बामच्या एका रिकाम्या डबीत तिनं काहीतरी जमवलं होतं आणि कुणाला उघडू द्यायची नाही.

"काय आहे गं त्यात?"

"बाळं आहेत. झोपलीत."

"मला दाखव की."

"आबा, तू मोठ्यानं बोलतोस."

गुण्या हसला. पोर चिडचिडी झाली होती, झोपेतनं उठून रडायची. तळहात गुलाबी झाले होते, बोटांची टोकं सोलत होती. बायको म्हणाली, "रंगीत खडूंनी झालं असेल." लेक म्हणाली, "तुझ्या त्या सरसानं झालं असेल, बाबा." कुणी काही, कुणी काही.

शेवटची फट भरली तेव्हा हॉल असा दिसत होता की मोठ्या बाईंनी दारात चपला काढल्या. देवळात काढतात तशा. गुण्या प्रत्येक जमिनीत एक फळी खिळे न मारता ठेवायचा, चार स्क्रूवर. खाली वायर-पाइप बघायची वेळ आली तर सगळी जमीन फोडायला नको म्हणून. इथं त्यानं मधल्या खिडकीखालच्या फळीचे खिळे वरच्या वर काढले आणि ती न उचलताच चार स्क्रू घातले. तिच्यावर जुना गोल जळका डाग होता, वाटीएवढा. तो त्यानं मुद्दाम घासला नाही. म्हणाला, "मुलं याला चंद्र म्हणतील."

सोमवारी शाळा उघडायची. चिमणी सोडून बेचाळीस मुलं.

शुक्रवारी बायकोनं त्याचा हात धरला. "अहो, खरी अंगठी कुणाच्या बोटात आहे?"

"म्हणजे?"

"ही बघा की. लग्नात माझ्या आईनं सोन्याची घातली होती."

गुण्यानं पाहिलं. अंगठी पांढरी पडली होती. चांदीसारखी सुद्धा नाही, आजारी माणसाच्या ओठासारखी. साबण लावला, राख लावली. तशीच.

शनिवारी सकाळी तो सोनाराकडे गेला. म्हातारा सोनार, भिंगातनं बघता बघता एक डोळा कायमचा बारीक झालेला. त्यानं अंगठी सुईनं ओरखडली आणि स्टूल हातभर मागे सरकवलं.

"मिस्त्री, पाऱ्यात हात घातलास?"

"मी सुतार आहे. पाऱ्याशी माझा काय संबंध?"

"तुझा नसेल. त्याचा आहे." सोनारानं अंगठी कागदावर ठेवून कागद त्याच्याकडे ढकलला. "सोनं पारा पितं. हवेत असला तरी ओढून घेतं. ही तापवली तर परत पिवळी होईल, पण मी माझ्या दुकानात तापवणार नाही. ती वाफ पिऊन माझ्या उस्तादाचे दात गेले, हात गेले, शेवटी स्वतःच्या बायकोला ओळखेना. कुठं काम करतोयस?"

"बालवाडीत," गुण्या म्हणाला.

सोनारानं भिंग खाली ठेवलं. नुसता बघत राहिला. गुण्याला ते बघणं आवडलं नाही.

दात गेले, हात गेले. वाटभर त्याच्या डोक्यात तेवढंच. घरी आला तर दुपार झालेली. सासूबाई पलंगावर बसून हात मांडीखाली दाबून धरून होत्या, थरथर थांबवायला त्या तसं करायच्या. गुण्या खाली बसला.

"सासूबाई, आमच्या लग्नाआधी तुम्ही कुठं कामाला होता?"

"तुम्हाला काय करायचंय जावईबापू? मेलं ते कधीच."

"सांगा की."

"थर्मामीटरच्या कारखान्यात. काचेच्या नळीत पारा भरायचो. पन्नास जणी. टोकाला होता कारखाना, गेला बंद पडून."

गुण्या जवळ सरकला. तो हळू विचारायला लागला, जसं कुणी कच्च्या फांदीवर पाय टाकतं. "वरच्या मजल्यावर?"

"वरच."

"लोखंडी खांब?"

"हो. आणि पूर्वेला मोठ्या खिडक्या. मधल्या खिडकीखाली माझी जागा." म्हातारी हसली, बोळकं दिसलं. "एकदा माझ्या हातनं बर्नर पडला. जमिनीला हा एवढा डाग. तीन दिवस वर स्टूल ठेवून लपवला."

 गुण्यानं एकच विचारलं. "पारा सांडायचा का?"

"रोज. सांडला की मुकादम ओरडायचा, सगळ्यांसमोर इज्जत काढायचा. मग आम्ही काय करायचो, सांडला की पायानं फटीत सारायचो. एका क्षणात गडप. 'जमिनीला पाजलं' म्हणायचो आम्ही, आणि हसायचो." त्यांनी हात मांडीखालून काढले. हात हवेत नाचायला लागले. "किती पाजलं असेल, मोजलं नाही हो कुणी. का विचारताय? जावईबापू? असे का बघताय?"

गुण्या उठला तो थेट चिमणीच्या अंथरुणाशी गेला. उशीखाली बामची डबी. त्यानं झाकण फिरवलं. आत चकचकीत थेंब, हरभऱ्याएवढा. डबी कलली तसा दोन झाला, सरळ केली तसा परत एक.

"आबा, उठवू नको ना," मागून चिमणी म्हणाली. "आधी पुष्कळ होती. मोठ्या बाळानं सगळ्यांना खाल्लं. कुणी रडलं पण नाही."

तीन आठवडे ती डबी त्या पोरीच्या उशीखाली होती.

रविवारी तो मोठ्या बाईंच्या दारात उभा. अंगठी, डबी, सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा पडला, नाही असं नाही. पण त्यांनी कपाटातनं कागद काढला. "मिस्त्री, हवेचा तपास झालाय. हा दाखला. सगळं ठीक म्हणून सही आहे."

"कधीचा?"

"काम सुरू व्हायच्या आधीचा."

"तेव्हा तो मळाखाली बंद होता, बाई. मळ मी काढला." गुण्याचा आवाज फाटला. "मी उघडलं ते."

बाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "उद्याचा दिवस जाऊ द्या. सगळ्यांना बोलावलंय. परवा परत तपास करून घेऊ. एका दिवसानं काय होतंय?"

वाईट बाई नव्हती हो ती. वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते दाराशी आलेलं, एक दिवस मागितला तिनं. तुम्ही-मी असतो तर दोन मागितले असते.

गुण्या घरी आला. लेक म्हणाली, "बाबा, नक्की ना? माझ्या मालकानं काल शेवटचं सांगितलंय, उद्यापासून पोर आणायची नाही." गुण्यानं तिला डबी दाखवली. लेकीनं परत विचारलं नाही. चिमणीला उचललं आणि तिचे तळहात धुवायला लागली, परत परत, पोर ओरडेपर्यंत.

सोमवारी सकाळी हॉल मुलांनी भरला. सगळ्यांच्या पायात नवे बूट. आईबाप भिंतीला टेकून फोटो काढत होते. खिडक्यांतनं ऊन आत आलेलं आणि ती जमीन अशी झळकत होती की बापांपैकी एकानं विचारलंसुद्धा, "कुणाचं काम?" मुलं पळायला लागली. ऐंशी-चौऱ्याऐंशी पाय, थाड थाड थाड.

गुण्या आत आला. एका हातात पहार, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर. मोठ्या बाई आडव्या आल्या. "मिस्त्री, काल आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं, बाई."

तो मधल्या खिडकीपाशी गेला, चंद्रावर बसला आणि स्क्रू काढायला लागला. एक. दोन. कुणीतरी म्हणालं, "अहो, आता काय काम काढलंय?" तीन. चौथा अडकला, तिथं त्यानं पहार घातली. इतकी वर्षं कुणाच्या लाकडावर ओरखडा उठू न देणारा माणूस, त्यानं स्वतःच्या जमिनीत पहार घातली आणि जोर दिला. फळी किंचाळली म्हणा ना. सगळे वळले.

"बघा," तो म्हणाला. "लांबनं बघा."

खाली, दोन तुळयांच्या मधे, जुन्या धुळीत एक लांबट तळं पडलं होतं. ताटाएवढं. पांढरं, जड, वर आकाशाचा तुकडा दिसत होता त्यात. हॉलच्या त्या टोकाला एक मूल अजून उड्या मारत होतं. ते उडी मारायचं, आणि इकडे ते तळं थरथरायचं. अगदी सासूबाईंच्या हातासारखं.

"चांदी!" एक पोरगी ओरडली आणि दहा-बारा मुलं धावली. गुण्यानं दोन्ही हात पसरले, स्वतः आडवा पडला त्या भोकावर. "उचला! आपापली पोरं उचला! बाहेर! बूट अंगणात काढा, घरी नेऊ नका, कपडे पण नेऊ नका!"

पहिल्यांदा कोण हललं माहीत आहे? मोठ्या बाई. त्यांनी दोन्ही काखांत एकेक मूल धरलं आणि जिन्याकडे पळाल्या. मग एकच पळापळ. बेचाळीस जोड, नवे कोरे, अंगणात पडले ते पडलेच. कुणी परत न्यायला आलं नाही. नंतर साहेब लोक आले, अंगभर पांढरे झगे, तोंडाला नळ्या, आणि फाटकाला साखळी लागली. बूट पावसात राहिले, मग तेही पिवळ्या पिपांत भरून नेले.

ती बेचाळीस मुलं वाचली म्हणायची. एक तास होती फक्त. चिमणीचं तसं नाही, तिचे तीन आठवडे. डॉक्टर म्हणतात, लहान आहे, निघून जाईल अंगातनं, वाट बघा. तळव्यांची कातडी आता बरी आहे. पण घरात नवीनच एक रीत पडलीय. दूध देताना गुण्या तिचा पेलाही अर्धाच भरतो. पोर विचारते, "आबा, अर्धाच का?" तो म्हणतो, "पुन्हा देतो ना." आणि ती पेला ओठाशी नेईपर्यंत तिच्या बोटांकडे बघत राहतो. शेजारी म्हातारी बसलेली असते, ती मात्र तिकडे बघत नाही. भिंतीकडे बघते.

गुण्यानं रंधा खाली ठेवला तो ठेवलाच. आता तो दारोदार फिरतो. त्या वाटलेल्या अकरा फळ्या. शेल्फवाल्याची मिळाली, टेबलवाल्याची मिळाली. लोक चिडले, दारं आपटली, एकानं कुत्रं सोडलं, पण दहा फळ्या त्यानं परत आणल्या आणि पांढऱ्या झग्यांच्या हवाली केल्या. अकरावी मिळत नाही. हातगाडीवाला कुठला, कुठं राहतो, कुणाला ठाऊक नाही. ते बाळ आता रांगायला लागलं असेल.

म्हणून तुम्हाला बसवून ठेवलं. तुम्ही चार घरं फिरता, चार ठिकाणी चहा पिता. कुठं पाळणा दिसला, रुंद तळाचा, लालसर जुन्या लाकडाचा, तर खाली वाकून बघा. पाठीवर पेन्सिलनं अकरा लिहिलेलं असेल आणि शेजारी बारीकसा काटकोन. दिसला तर त्याला हात लावू नका, झाडू फिरवू नका, त्यांना ओरडूही नका. नुसतं बाळ उचलून बाहेर न्या, आणि मला कळवा. आज जाता जाताच बघायला सुरुवात करा, एवढं कराल ना?